पोटाच्या डायलिसिसची पिशवी गढूळ आली तर

गेल्या वर्षावासातली गोष्ट. रविवारचे ग्रंथवाचन संपले होते, बायका विहाराच्या दाराशी चपला शोधत होत्या. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या एका ताईंनी आम्हाला बाजूला घेतले. त्यांच्या सासूबाई दीड वर्षापासून पोटाच्या डायलिसिसवर होत्या. ताई दबक्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, आईंच्या पोटातून निघणारं पाणी तीन दिवस झाले तांदूळ धुतल्यासारखं येतंय. दवाखान्यात कळवलं नाही. मागच्या खेपेला सगळ्यांसमोर बोलले, तुम्ही लोक हात धुत नाही, घर असं ठेवता, म्हणून होतं. आई म्हणाल्या, थांब, जाईल आपोआप."

आम्ही तसेच त्यांच्या घरी गेलो. मावशी गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंग फारसे तापलेले नव्हते, पण दोन दिवस जेवण बंद होते आणि पोटाला हात लावू देत नव्हत्या. सकाळी निघालेल्या पाण्याची पिशवी कोपऱ्यात होती. तिच्यामागे वर्तमानपत्र धरून पाहिले, तर मोठ्या मथळ्याचे अक्षरही दिसेना. रिक्षा करून त्यांना रुग्णालयात नेले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून निरोप आला की पाण्यात बुरशी दिसते आहे.

हा शब्द ऐकून मावशींचा मुलगा चक्रावला. बुरशी भाकरीला लागते, लोणच्याला लागते, पावसाळ्यात भिंतीला लागते. माणसाच्या पोटात ती कशी जाईल? आम्ही जीएनएमचा डिप्लोमा करून चौदा वर्षे वॉर्डात काढली, त्यातली काही किडनीच्या विभागात. तरी त्याला दोन वाक्यांत सांगता आले नाही. मधुमेह आणि रक्तदाबामुळे किडनी गेलेले रुग्ण आपल्या वस्त्यांत आता गल्लीगल्लीत आहेत. त्यातले काही हे घरचे डायलिसिस करतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो. पोटाच्या डायलिसिसमध्ये बेंबीच्या जवळपास एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून साधारण दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडतात आणि काही तास आत ठेवतात. पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून शरीरातली घाण या पाण्यात उतरते. पाण्यात साखर असते, ती अंगावर चढलेले जादा पाणी ओढून घेते. मग ते पाणी खाली पिशवीत काढायचे आणि नवे भरायचे. दिवसातून तीन-चार वेळा हा बदल घरीच करायचा. आठवड्यातून दोन-तीन दिवस रुग्णालयात मशीनवर पडून राहावे लागत नाही आणि सोबत जाणाऱ्याचा रोज बुडत नाही. गरिबाच्या घरासाठी ही पद्धत चांगली आहे, असे आमचे मत आहे. "तुमचे घर लहान आहे, तुम्हाला जमणार नाही" असे सांगून वस्तीतल्या रुग्णाला परस्पर मशीनकडे वळवतात, ते आम्हाला पटत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत वर्षानुवर्षे नीट डायलिसिस करणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

धोका आहे तो संसर्गाचा. नळी बाहेरून थेट पोटात गेलेली असते. तिच्यातून जंतू आत शिरले की पडद्याला सूज येते, त्याला पेरिटोनायटिस म्हणतात. बहुतेक वेळा हे काम बॅक्टेरियाचे असते, आणि वेळेवर अँटिबायोटिक मिळाले तर नळी न काढता रुग्ण बरा होतो. बुरशीमुळे होणारा पेरिटोनायटिस त्या मानाने क्वचित दिसतो, बहुतेक ठिकाणच्या नोंदींत शंभरात दहासुद्धा नसतात. पण झाला तर त्यात साधारण चारातला एक रुग्ण दगावतो, काही ठिकाणी त्याहून जास्त.

ही बुरशी येते कुठून? भिंतीवरची काळी बुरशीही कधीकधी सापडते, विशेषतः आपल्याकडच्या दमट हवेत. पण नेहमीची गुन्हेगार वेगळीच असते. तिचे नाव कँडिडा. ती तुमच्या-आमच्या, डॉक्टरांच्या, बंगल्यात राहणाऱ्यांच्या, बहुतेकांच्या तोंडात, आतड्यात आणि कातडीवर असते. लहान बाळाच्या जिभेवर पांढरा थर येतो किंवा बायकांना अंगावरून दह्यासारखे पांढरे जाऊन खाज सुटते, ती बहुधा हीच. एरवी ती गप्प असते, कारण तिच्या शेजारी कोट्यवधी बॅक्टेरिया राहतात आणि जागा व अन्न तेच अडवून बसतात.

सकाळच्या सार्वजनिक नळावरची रांग डोळ्यांसमोर आणा. शंभर हंडे लागलेले असले की शेवटच्या हंड्याला पाणी मिळतच नाही. उद्या पुढची सगळी रांग कोणी उठवून लावली, तर तो शेवटचा हंडा सरळ नळाखाली येईल. अँटिबायोटिक नेमके हेच करते. ते बॅक्टेरिया मारते, वाईट आणि त्यांच्यासोबत चांगलेही. बुरशीला मात्र त्याने काही होत नाही. रांग रिकामी झाली की कँडिडा वाढू लागते. मग आतड्याच्या भिंतीतून, हाताच्या बोटांवरून किंवा नळीच्या तोंडाशी राहून ती पोटात पोहोचते. तिथे उबदार, साखर असलेले पाणी तिला आयतेच मिळते, आणि पोटात लढणारे शरीराचे संरक्षक घटक तर प्रत्येक बदलाबरोबर थोडे थोडे वाहून गेलेले असतात.

म्हणून बुरशीचा पेरिटोनायटिस झालेल्या रुग्णाला मागचा महिना-दोन महिन्यांचा इतिहास विचारला, की बहुतेकदा त्यात अँटिबायोटिक निघते. मावशींचेही तेच निघाले. तीन आठवड्यांपूर्वी दाढ सुजली होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली नाही म्हणून मेडिकलवाल्याने आपल्या मनाने आणखी पाच दिवसांच्या दुसऱ्या गोळ्या दिल्या. खरे तर चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकता येत नाही, कायदा तसा आहे. पण वस्तीतल्या मेडिकलवर कोण विचारतो? डॉक्टरांना पोटातल्या नळीबद्दल कोणी सांगितले नव्हते, कारण दाढेचा आणि पोटाचा संबंध असेल असे घरात कोणाला वाटलेच नाही.

तेव्हा "तुम्ही लोक हात धुत नाही" हे जे ऐकवले जाते, त्याबद्दल स्पष्ट बोलतो. हात धुणे अत्यंत गरजेचे आहे, त्यावर पुढे येतोच. पण बुरशीचा हा आजार घरच्या घाणीचा पुरावा नाही. संगमरवरी फरशीच्या घरातल्या रुग्णालाही दोन आठवडे अँटिबायोटिक घेतल्यावर तो होऊ शकतो. "तुम्ही लोक" या शब्दांत काय भरलेले असते, ते आपल्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. पण त्या शब्दांच्या भीतीने मावशींनी तीन दिवस पिशवी लपवली, आणि बुरशीला तीन दिवस मोकळे मिळाले. कोणी असे बोलले तर मेट्रनकडे, अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा, हवे तर आम्हाला सोबत बोलवा. पिशवी मात्र त्याच दिवशी दाखवा.

पिशवी कशी पाहायची

पोटातून निघालेले पाणी फिकट पिवळे आणि आरपार स्वच्छ असते. प्रत्येक वेळी मोरीत किंवा संडासात ओतण्याआधी ते उजेडात धरून पाहा. रात्रीचा बदल अंधुक दिव्यात होतो आणि पाणी तसेच ओतले जाते, तिथे चूक होते. मोबाईलची बॅटरी लावा. पिशवीमागे छापील कागद धरा. अक्षरे वाचता आली तर ठीक, पुसट झाली तर पाणी गढूळ आहे. पाण्यात कधी पांढरे, जेलीसारखे धागे येतात. ते बहुधा फायब्रिनचे असतात, बुरशीचे नव्हे, तरी युनिटला कळवा. पाळीच्या दिवसांत काही बायकांचे पाणी गुलाबी येते, त्याने लगेच घाबरून जाऊ नका, पण फोन करून सांगा. नळीच्या आत काळे ठिपके किंवा डाग दिसले तर मात्र वाट पाहू नका, नळीतच बुरशी वाढल्याचे ते लक्षण असू शकते.

पाणी गढूळ असेल, किंवा पाणी स्वच्छ असूनही पोट दुखते, ताप येतो, उलट्या होतात, तर त्याच दिवशी डायलिसिस युनिटला फोन आणि रुग्णालय. गढूळ पिशवी ओतू नका. तिची नळी चिमट्याने बंद करून स्वच्छ कॅरीबॅगमध्ये सोबत न्या. घरात उरलेली कोणतीही अँटिबायोटिकची गोळी त्याआधी देऊ नका, कारण नमुना घेण्याआधी औषध पोटात गेले तर तपासणीत जंतू सापडायला अडचण होते. रात्री अपघात विभागात जावे लागले तर तिथले नवे डॉक्टर पोटाच्या डायलिसिसला सरावलेले असतीलच असे नाही. त्यांना नम्रपणे पण ठामपणे सांगा: "पाण्यातल्या पेशी मोजा, आणि कल्चर बॅक्टेरियाचे व बुरशीचे दोन्ही लावा." पाण्यात पांढऱ्या पेशी शंभरच्या वर आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असतील, तर पेरिटोनायटिस धरतात. बॅक्टेरिया की बुरशी, हे बाहेरून पाहून डॉक्टरांनाही ओळखता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी कधी लगेच दिसते, कधी कल्चरला काही दिवस लागतात. तोवर अँटिबायोटिक सुरू करतात, ते बरोबरच आहे.

नळी काढायला नाही म्हणू नका

मावशींच्या पाण्यात बुरशी आहे हे कळताच डॉक्टरांनी सांगितले की नळी आजच काढावी लागेल. मुलगा अडून बसला. तो कुरियरच्या कामावर आहे, आईच्या डायलिसिसची सगळी व्यवस्था त्यानेच लावलेली. "नळी काढली तर डायलिसिस कुठून करणार? त्यापेक्षा जोराचं इंजेक्शन द्या, पैसे मी उभे करतो." त्याचे चुकत नव्हते. ती नळी म्हणजे त्याच्या आईचा जीव आहे, असेच दीड वर्ष सगळ्यांनी त्याला सांगितले होते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून आम्ही त्याला समजावले.

पाण्याच्या टाकीच्या आतून जसा बुळबुळीत थर धरतो, तसा थर ही बुरशी नळीच्या आतून-बाहेरून धरते. औषध रक्तातून येवो की पोटातल्या पाण्यातून, त्या थराच्या आत ते पुरेसे शिरत नाही. वरवरची बुरशी मरते, थरातली जिवंत राहते आणि पुन्हा पसरते. दरम्यान पडदा सुजून आतडी एकमेकांना चिकटू लागतात. म्हणून नुसत्या औषधावर थांबत नाहीत. बुरशी सापडली की नळी ताबडतोब काढायची आणि त्यानंतरही निदान दोन आठवडे बुरशीविरोधी औषध द्यायचे, असे पोटाच्या डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. या काळात मानेत किंवा मांडीत तात्पुरती नळी बसवून मशीनवर रक्ताचे डायलिसिस करतात. डायलिसिस थांबत नाही, फक्त वाट बदलते.

हे ऐकून त्याने सही केली. रात्री उशिरा नळी निघाली.

औषध कोणते, ते बुरशीच्या जातीवर ठरते. फ्लुकोनॅझोल हे नेहमीचे आणि स्वस्त. पण कँडिडाच्या काही जाती त्याला दाद देत नाहीत आणि भिंतीवरच्या बुरशीच्या कुळातल्या जातींवर ते चालत नाही. मग व्होरिकोनॅझोल, कॅस्पोफंजिन किंवा अँफोटेरिसिन लागते. त्यातली काही इंजेक्शने फार महाग आहेत. मधुमेहाच्या काही गोळ्यांसोबत फ्लुकोनॅझोल घेतले तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवा.

पैशाबद्दल. भरती होताच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा, योजनेतल्या रुग्णालयांत त्याचे टेबल असते. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. धर्मादाय रुग्णालय असेल तर तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, उत्पन्नाचा दाखला लागेल. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, त्यात जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना मशीनचे डायलिसिस मोफत मिळते. २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या. आपल्या जिल्ह्यात त्यातले काय मिळते, हे संघटनेने जाऊन विचारायला हवे. एकट्या रुग्णाला बहुधा उडवून लावतात.

मावशी वाचल्या. तीन आठवडे रुग्णालयात काढले. दोन महिन्यांनी पुन्हा पोटात नळी बसवण्याचा प्रयत्न झाला, पण आत आतडी चिकटलेली निघाली. काही रुग्णांना पुन्हा पोटाचे डायलिसिस जमते, अनेकांना जमत नाही. त्या आता आठवड्यातून दोनदा मशीनवर जातात. त्या दिवशी सून कामावर जात नाही.

आधीच काय करायचे

अँटिबायोटिकला घाबरून ते टाळायचे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. बॅक्टेरियाचा संसर्ग असेल तर ते घेतलेच पाहिजे आणि पूर्ण घेतले पाहिजे. पण पोटाच्या डायलिसिसच्या रुग्णाला कुठल्याही कारणाने अँटिबायोटिक सुरू होत असेल, दाढेसाठी, खोकल्यासाठी, पायाच्या जखमेसाठी, किंवा पेरिटोनायटिससाठीच, तर त्यासोबत बुरशी रोखणारे औषध द्यावे, अशी शिफारस आहे. त्यासाठी तोंडातून घ्यायचे निस्टॅटिन किंवा फ्लुकोनॅझोल वापरतात. कोणते आणि किती, हे किडनीचे डॉक्टर ठरवतील. आपले काम एवढेच की पहिली गोळी घेण्याआधी युनिटला फोन करायचा. साध्या सर्दीसाठी, विषाणूच्या तापासाठी अँटिबायोटिक लागतच नाही. मेडिकलवाल्याने स्वतःहून पुढे केले तर घेऊ नका.

हाताचे सांगायचे राहिले. आपल्याकडे नळाला पाणी तासभर येते, मग दिवसभर पिंपातून मग बुडवून हात धुतले जातात. त्या मगाचे आणि पिंपाचे पाणी स्वच्छ राहत नाही. झाकणाचा, खाली तोटी असलेला एक डबा डायलिसिसच्या हातांसाठी वेगळा ठेवा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवा आणि मग पूर्ण कोरडे करा. ओले हात हा मोठा दोष आहे, तो कोणी सांगत नाही. घरातला सगळ्यांचा टॉवेल त्यासाठी नको, धुऊन उन्हात वाळवलेले वेगळे फडके किंवा टिश्यू पेपर घ्या. नळी जोडताना तोंडाला मास्क, पंखा बंद, दार लोटलेले आणि मोरीपासून शक्य तितके लांब. दर वेळी नवी टोपी. जोडाचे टोक हाताला, कपड्याला लागले, तर पाणी पोटात सोडू नका, चिमटा बंद करून आधी फोन करा.

पिशव्यांचे खोके पावसाळ्यात ओल्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. फळीवर, जमिनीपासून उंच, जिथे उंदीर पोहोचणार नाही असे ठेवा. वापरण्याआधी पिशवी दाबून पाहा. सुईच्या टोकाएवढे छिद्रही बुरशीला पुरते. नळी जिथून बाहेर येते त्या जागेवर हळद, राख, तेल, कोणाचा अंगारा, काहीही लावू नका. शिकवले तसे साफ करा आणि डॉक्टरांनी दिलेलेच मलम लावा.

आणि भगिनींनो, अंगावरून पांढरे जाणे, खाज, जिभेवर पांढरा थर, मांडीच्या सांध्यात चट्टे, हे लाजेपोटी अंगावर काढू नका. मधुमेह असला तर हे वारंवार होते. पोटात नळी असताना ती कँडिडा फार लांब राहिलेली नसते. पुरुष डॉक्टरांना सांगायला संकोच वाटत असेल तर युनिटच्या सिस्टरला सांगा. आम्ही वॉर्डात होतो तेव्हा हे आम्हीच विचारून घ्यायचो, कारण आपणहून कोणी सांगत नसे.

रुग्णाच्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एवढे लिहून ठेवा, किंवा हा तुकडा कापून चिकटवा:

"मला पोटाचे डायलिसिस चालू आहे. अँटिबायोटिक देण्याआधी माझ्या डायलिसिस युनिटशी बोला आणि बुरशीविरोधी औषध सोबत द्यायचे का ते विचारा. युनिटचा फोन: ________"

मावशींच्या घटनेनंतर हा कागद आम्ही गल्लीतल्या त्या डॉक्टरांना नेऊन दिला. ते आधी थोडे वरमले, मग त्यांनी तो काचेखाली, चिठ्ठ्या लिहितात त्या जागी ठेवला. दोन मेडिकलवाल्यांपैकी एकाने लावून घेतला. दुसऱ्याकडे आम्ही पुन्हा जाणार आहोत.